ना दारू, ना सिगरेट, ना मासे, मग माझे बीपी १५२ का?

झांजवाला
२ ऑगस्ट, रात्री १०:४१

मंडळी, नमस्कार. गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो, वय ४७, टेबलावरची नोकरी. मागच्या महिन्यात ऑफिसात तपासणी झाली, त्यात बीपी १५२/९६ निघाले. मशीन बिघडले असेल म्हणून सोडून दिले. मग ओळखीच्या दवाखान्यात गेलो, तिथे १५४/९८. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता "लाइफस्टाइल बदला" असे सांगितले आणि पुढच्याला आत बोलावले.

आता माझी लाइफस्टाइल ऐका. दारूला शिवत नाही. सिगरेट कधी ओढली नाही. जन्मापासून शाकाहारी. उंची पाच फूट सहा, वजन ७४. रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातो (येताना उतार आहे, कबूल करतो). सकाळी हॉटेलात पातळ भाजी आणि पाव, दुपारी घरचा वरणभात, लोणचे, पापड, संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा पाव. आठवड्यातून तीनदा भजन. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली म्हणून सध्या रोजच सराव, झोपायला दीड-दोन होतात. गळ्यासाठी तोंडात ज्येष्ठमध-लवंग, तेवढेच काय ते व्यसन. मांडी घालून बसून गुडघे धरतात, त्याची गोळी अधूनमधून.

वडिलांना बीपी होते, पण साठीनंतर. आणि माझा शेजारी! रोज संध्याकाळी दोन पेग, वर खारा बांगडा भाजून, आणि त्याचे त्याच तपासणीत १२४/८०. देवाच्या दारी न्याय आहे की नाही? बदलू म्हटले तर नेमके काय बदलू?

उंडो
२ ऑगस्ट, रात्री १०:५३

सोपे आहे. शेजारी बदला.

म्हापशेकरीण
३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

दादा, घरात मिठाचे पाकीट किती दिवस पुरते ते आधी वहिनींना विचारा.

आमच्या ह्यांना गेल्या वर्षी गोळी सुरू झाली तेव्हा मी हे गणित मांडले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आम्ही घरात चौघे. दिवसाचे २० ग्रॅम झाले, म्हणजे किलोचे पाकीट ५० दिवस पुरायला हवे. आमचे सव्विसाव्या दिवशी संपले! मासळी धुवायला थोडे जाते, तोरे (कच्चे आंबे) खारात घालायला जाते, ते सगळे वजा करा. तरी हिशेब काही जुळत नाही. मी आपली इतकी वर्षे स्वतःला सुगरण समजत होते.

आता भात मिठाशिवाय शिजवते. सासूबाई घालायच्या म्हणून मी घालत होते, दुसरे कारण काही नव्हते. हुमणात (माशांच्या आमटीत), वरणात सोले (आमसुले) दोन जास्त आणि मीठ कमी. आंबटपणा असला की मिठाची उणीव जिभेला कळत नाही. पहिले पंधरा दिवस घरात असहकार चालला, मग सवय झाली. आता लग्नाचे जेवण खारट लागते.

आबा_केरी
३ ऑगस्ट, सकाळी ८:०२

आमचे आजोबा ९१ वर्षे जगले. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातले तोर, पावसाळाभर सुकी मासळी, रात्री थोडी फेणी. डॉक्टरचे तोंड पाहिले नाही. तुम्ही लोक ग्रॅम मोजून खाता म्हणून आजारी पडता.

पेडण्याचा_माड
३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

आबा, आजोबा दिवसभर काय करायचे?

आबा_केरी
३ ऑगस्ट, सकाळी ८:३१

कुळागर होते. पहाटेपासून पाणी सोडणे, आळी करणे, सुपाऱ्या, नारळ. संध्याकाळी डोंगर उतरून बाजार.

पेडण्याचा_माड
३ ऑगस्ट, सकाळी ८:३३

बस, एवढेच विचारायचे होते.

आकडेमोड
३ ऑगस्ट, सकाळी ९:४७

आबांच्या आजोबांना नमस्कार, पण एक गोष्ट राहते. त्यांच्याच वयाचे, तसेच जेवणारे जे पंचावन्नाव्या वर्षी गेले, त्यांच्याबद्दल धाग्यावर कोणी लिहीत नाही. त्या काळी 'अंगावरून वारे गेले' म्हणायचे आणि विषय संपायचा. बीपी मोजलेच नव्हते, तर वाढलेले कळणार कुठून?

मिठाचा पुरावा हवा असेल तर चीनमधला एक मोठा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. ६०० गावे, जवळजवळ २१ हजार माणसे, सगळी आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठीच्या पुढची बीपीवाली. अर्ध्या गावांना नेहमीचे मीठ ठेवले, अर्ध्यांना तीन भाग मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असे मिश्रण दिले. जेवण तेच, स्वयंपाकीण तीच. पाचेक वर्षांनी मिश्रणवाल्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. फक्त डबा बदलून!

उंडो
३ ऑगस्ट, सकाळी १०:०५

म्हणजे पाकीट तेच, पण शेजारी बदलला. मी काय म्हणत होतो?

स्टेथोस्कोप
३ ऑगस्ट, दुपारी १:३६

बार्देशात दवाखाना चालवतो, पेशंट संपले म्हणून लिहितो. दोन-तीन मुद्दे.

आधी आकडा खरा आहे का ते बघू. चढ चढून आलात, धापा टाकत खुर्चीत बसलात, मांडीवर मांडी, हात लोंबकळता, लघवी तुंबलेली आणि नर्सशी चवथीच्या गप्पा चालू, तर आकडा वर जाणारच. यातली प्रत्येक गोष्ट बीपी वाढवून दाखवते. नीट मोजायचे तर अर्धा तास आधी चहा नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे गप्प बसा. दंड छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवर नको. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. हे घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ करा, पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ धरतात, घरी १३५/८५. मनगटावरचे मशीन घेऊ नका, दंडावरचे घ्या.

काहींचे बीपी डॉक्टर दिसला की चढते आणि घरी ठीक असते. काहींचे नेमके उलटे, दवाखान्यात गोंडस आणि घरी चढलेले. तुमच्या शेजाऱ्याने एकदाच मोजले असेल तर त्या १२४ वर फार जळू नका.

दुसरे म्हणजे गुडघ्याची गोळी कोणती? डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन जातीची वेदनाशामके बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडालाही बरी नाहीत. सर्दीच्या काही गोळ्यांचेही तेच. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असते, हे तर बहुतेकांना माहीतच नसते.

आकडेमोड यांनी सांगितलेले पोटॅशियमवाले मीठ चांगले आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय आणू नका. रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

झांजवाला
३ ऑगस्ट, रात्री ९:१८

डॉक्टर, देव बरे करो. इतके तर दवाखान्यातही कोणी सांगितले नाही. गोळी डायक्लोफिनॅकच आहे, आठवड्यातून दोन-तीनदा होते. दंडावरचे मशीन उद्या आणतो.

मिठाचे विचारले. घरात आम्ही तिघे, बायको म्हणाली पाकीट दीड महिना जाते. म्हणजे मी निर्दोष! आता काय म्हणता?

जाता जाता, हल्ली रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. चालण्याने असेल का? म्हणजे चालणेसुद्धा बाधते की काय मला?

भट्टीचा_भाचा
३ ऑगस्ट, रात्री १०:०२

निर्दोष कसले! तिघांना पाकीट ६६ दिवस पुरायला हवे. शिवाय तुमचे मीठ नुसते पाकिटात नाही, पोदेराच्या (पाववाल्याच्या) पाटीतही आहे.

माझ्या मामाने काही वर्षे बेकरी चालवायला घेतली होती, सुटीत मी तिथेच पडलेला असायचो. किलो पिठाला अठरा-वीस ग्रॅम मीठ पडायचे आणि त्याचे पंचवीसेक पाव व्हायचे. करा भागाकार. पावाला पाऊण ग्रॅम. सकाळी दोन, संध्याकाळी दोन म्हटले तर तीन ग्रॅम तिथेच झाले, आणि अजून तुमची पातळ भाजी यायची आहे. हॉटेलवाला रस्सा पातळ करतो तसे मीठ वाढवतो. त्यावर दुपारचे लोणचे. पापडात तर मीठ वेगळे आणि पापडखार वेगळा, तोही सोडियमच.

पाव गोड लागतो म्हणून त्यात मीठ नाही असे वाटते. एकदा मीठ घालायला विसरलेला घाणा खाऊन बघा, कागद चावल्यासारखा लागतो.

उंडो
३ ऑगस्ट, रात्री १०:११

माझ्या आयडीवर घसरू नका, उंडो म्हणजे पावच. शिवाय पावाचा आकार दरवर्षी कमी होतो आहे, म्हणजे बेकरीवाले तुमच्या हृदयासाठीच झटत आहेत.

म्हापशेकरीण
३ ऑगस्ट, रात्री १०:३०

@उंडो :)) आणि किंमत वाढवतात ती जिमची फी समजायची.

दोन_ते_चार
४ ऑगस्ट, दुपारी ४:१०

उठलो आणि धागा वाचला. झांजवाले, रात्री दीडला झोपता आणि सकाळी पोदेराचा भोंपू वाजताना उठता, म्हणजे पाच तास. घोरता का? घोरताना मध्येच श्वास अडकतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो, असे कोणी सांगितले आहे का? मला बायकोने सांगितले, मी तीन वर्षे उडवून लावले. शेवटी झोपेची तपासणी झाली. तासाला किती वेळा श्वास बंद पडतो ते पाहून मीच घाबरलो. श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो, शरीर घाबरून बीपी चढवते, रात्रभर हेच. माझ्या दोन गोळ्या चालू होत्या तरी आकडा हलत नव्हता. श्वास चालू ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपू लागलो तेव्हा हलला. पहिल्या रात्री नातू मला बघून रडला होता ते सोडा.

वजनही आठ किलो उतरवले. डॉक्टर म्हणाले होते, किलोमागे साधारण एक अंक उतरतो. माझ्या बाबतीत जवळपास तसेच झाले.

शेवगा
४ ऑगस्ट, रात्री ८:४४

सगळे मिठावर तुटून पडले आहेत. खरी गुन्हेगार साखर आणि मैदा. मी दोन्ही सोडले, बीपी नॉर्मल.

आकडेमोड
४ ऑगस्ट, रात्री ८:५८

मैदा सोडला म्हणजे पाव सोडला. पाव सोडला म्हणजे मीठ सोडले. आता श्रेय कोणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा.

आगरवाडा
४ ऑगस्ट, रात्री ९:२६

आमच्या लहानपणी घरात आगरातले जाडे मीठ असायचे, करड्या रंगाचे. मिठागरे ओसाड पडली आणि सगळीकडे पाकीट आले, तेव्हापासून हे आजार. आता मी गुलाबी सैंधव वापरतो, निर्धास्त.

स्टेथोस्कोप
४ ऑगस्ट, रात्री ९:५०

आगरवाडा, मिठागरांबद्दल हळहळ मलाही वाटते. पण आगरातले, गुलाबी, काळे, पाकिटातले, सगळे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग देणारी खनिजे चिमूटभर असतात. जाडे मीठ चमच्यात जरा कमी मावते एवढाच फायदा. आणि साध्या सैंधवात वरून घातलेले आयोडीन नसते, ते तोट्यात.

खाणवाला
४ ऑगस्ट, रात्री ११:३५

मी वेगळे लिहितो. डिचोलीचा. माझे बीपी मिठाने वाढले नाही.

२०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा दारात तीन ट्रक होते, दोन कर्जाचे. मध्ये थोडे सुरू झाले, पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये सगळे थांबले. ट्रक दारात गंजत होते आणि बँकेचा फोन आला की कानशिले उडायची. वय ३९. झोप नाही. पूर्वी दिवसाला पाच सिगरेटी असतील, त्याची दोन पाकिटे झाली. जेवणाची वेळ राहिली नाही, रात्री दहाला शेव-फरसाण आणि क्वार्टर. आमच्या वाड्यावर त्या दोन-चार वर्षांत किती जणांना गोळ्या लागल्या ते मला माहीत आहे. ताण घेऊ नका असे डॉक्टर सांगायचे. तो मी घेतला नव्हता, माझ्या दारात आणून टाकला होता.

आता एक ट्रक आहे, रेती-चिऱ्यांच्या भाड्यावर. सिगरेट चार वर्षांपूर्वी सोडली, तीही मुलीने शपथ घातली म्हणून. बीपीची एक गोळी आहे.

आकडेमोड
५ ऑगस्ट, सकाळी ७:५२

खाणवाला, तुमचा मुद्दा अजिबात वेगळा नाही. ५२ देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ ला आला. पहिला हार्ट अटॅक आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली. नऊ गोष्टींत जवळपास ९० टक्के धोका सापडला. सिगरेट, बिघडलेले कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, भाजी-फळे न खाणे, व्यायाम नसणे, दारू (तिचा संबंध मात्र त्यात उलटा दिसला), आणि मनावरचा ताण. ताण त्या यादीत स्पष्ट आहे. आणि तुमच्या पोस्टमध्ये बघा, ताण एकटा आला नाही. सिगरेट, फरसाण, क्वार्टर, जागरण यांना घेऊन आला.

गावठी_पाखरू
५ ऑगस्ट, सकाळी १०:२०

दारूचे नाव आले म्हणून. फेणी आणि विदेशी यात फरक आहे हो. काजूची फेणी म्हणजे औषध, सर्दीला आई छातीला चोळायची. आणि उराक (काजूची पहिल्या धारेची दारू) तर फळाचा रसच, मार्च-एप्रिलमध्ये लिंबू, मीठ आणि मिरची घालून...

स्टेथोस्कोप
५ ऑगस्ट, दुपारी १:१५

आई चोळायची, पाजायची नाही. तेवढा फरक पाळलात तर माझी हरकत नाही. फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हृदयरोगातून सूट मिळालेली नाही. रोजची दारू, मग कोणत्याही माडाची असो वा बोंडूची, बीपी वाढवते. जास्त पिणाऱ्याने कमी केली की काही आठवड्यांत आकडा उतरलेला मी बघतो. आणि तुम्ही तर त्यात मीठ घालताय!

पेडण्याचा_माड
५ ऑगस्ट, दुपारी २:०८

माडाचे नाव घेतले म्हणून विचारतो. डॉक्टर, नारळाचे काय? आमच्या घरी नारळ बंद म्हणजे स्वयंपाकच बंद.

स्टेथोस्कोप
५ ऑगस्ट, दुपारी ३:४०

नारळाचा बीपीशी थेट संबंध नाही, तो कोलेस्टेरॉलचा प्रश्न. खोबरेल तेलात संपृक्त चरबी भरपूर, वाईट कोलेस्टेरॉल वाढते. ओल्या नारळाचे वाटप माणशी दोन चमचे पोटात जात असेल तर मी भांडत नाही. तळण खोबरेलात आणि वर जाड रस, असे रोज असेल तर भांडतो.

पेडण्याचा_माड
५ ऑगस्ट, दुपारी ३:४४

भांडू या. पण चवथीनंतर.

तांबडी_माती
५ ऑगस्ट, रात्री ११:०२

लिहू की नको असे दोन दिवस चालले होते.

माझा मोठा भाऊ ४४ व्या वर्षी गेला. त्याला बीपी आहे हे त्याच्या ऑफिसच्या कागदावर लिहिलेले होते, कपाटात सापडले, तो गेल्यावर. कधी बोलला नाही. "मला काही होत नाही" म्हणायचा, आणि खरेच काही होत नव्हते. डोके दुखणे नाही, चक्कर नाही. रात्री जेवून झाल्यावर म्हणाला, गॅस झाला, छाती भरून आल्यासारखी वाटते. वहिनीने सोडा दिला, ओवा दिला. घामाने बनियन भिजले होते, ते उकाड्याने असे आम्हाला वाटले. डावा हात दुखत नव्हता, म्हणून हार्टचे काही नाही असे मीच म्हटले. मी. सकाळी दाखवू म्हणून सगळे झोपलो.

मीठ, पाव, फेणी यावर हसा, मीही हसते. पण १५२ ला "मशीन बिघडले असेल" म्हणू नका.

उंडो
५ ऑगस्ट, रात्री ११:२०

ताई, नमस्कार. काही बोलत नाही.

स्टेथोस्कोप
६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, चूक तुमची नव्हती. डावा हात दुखलाच पाहिजे असा नियम नाही. जबडा, पाठ, पोटाचा वरचा भाग, नुसता घाम आणि दम, असेही येते. बायकांत आणि मधुमेहींत तर अनेकदा असेच. छाती जड आणि घाम, एवढे असले तरी सोडा-ओवा बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत निघू नका. गोव्यात जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून बांबोळीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) डॉक्टरांशी बोलून गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन तिथेच देण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. पण ती तिथे पोचलेल्यासाठीच.

सख्खा भाऊ इतक्या लवकर गेला असेल तर तुम्ही स्वतःही बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. तपासले आहे का?

तांबडी_माती
६ ऑगस्ट, सकाळी ७:३१

हो. आता वर्षातून एकदा. माझेही बाळंतपणात वाढले होते, नंतर उतरले म्हणून विसरून गेले होते.

म्हापशेकरीण
६ ऑगस्ट, सकाळी ८:०५

हे बायकांनी लक्षात ठेवायला हवे. गरोदरपणी बीपी वाढले असेल तर पुढे बीपीचा आणि हृदयाचा धोका जास्त असतो. मला हे पन्नाशीला डॉक्टरीणबाईंनी विचारले तेव्हा कळले. आपण बाळंतपणाची फाइल फेकून देतो.

कुळागरातली_वैद्य
६ ऑगस्ट, रात्री ९:१५

धागा आज वाचला. इतके प्रतिसाद आले, पण पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट कोणी धरली नाही, म्हणून लिहिते. झांजवाले, ज्येष्ठमध किती खाता?

झांजवाला
६ ऑगस्ट, रात्री ९:४०

खातो असे नाही, तोंडात असते. सरावाच्या दिवशी चार-पाच कांड्या. सध्या रोज. रस गिळतोच. रात्री पुन्हा काढा, गुरुजींनी सांगितलेला. सात-आठ महिने झाले. आयुर्वेदिक आहे, त्याचा काय त्रास?

कुळागरातली_वैद्य
६ ऑगस्ट, रात्री १०:२५

मी आयुर्वेदाचीच आहे, आणि हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकते. जे औषध काम करते, ते जास्त झाले की त्रासही देते.

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचे द्रव्य असते, गोडवा त्याचाच. आपल्या शरीरात कॉर्टिसोल असते. त्याने मूत्रपिंडात जाऊन मीठ धरून ठेवण्याचा उद्योग करू नये म्हणून तिथे एक विकर (एन्झाइम) राखणीला बसलेले असते. ज्येष्ठमध त्या राखणदाराला झोपवते. मग मूत्रपिंड सोडियम आणि पाणी धरते आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडते. बीपी चढते. पोटॅशियम उतरले की स्नायू कुरकुरतात. तुम्ही ३ तारखेला लिहिलेत ना, पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून? ते चालण्याचे नसावेत.

स्वीडनमध्ये २०२४ ला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोज १०० मिलीग्रॅम ग्लिसिरायझिन, म्हणजे आजवर बहुतेक ठिकाणी चालेल म्हणून धरलेले प्रमाण, तेवढ्यानेही तरुण निरोगी माणसांचे बीपी थोडे वाढले. तुमचे चार-पाच कांड्या आणि काढा म्हणजे त्याच्या कितीतरी वर असणार. घसा बसलेला असताना चार दिवस घेणे वेगळे, आठ महिने वेगळे.

आज बंद करा आणि डॉक्टरांना सांगून रक्तातले पोटॅशियम तपासा. परिणाम जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. हेच सगळे कारण आहे असे मी म्हणत नाही, जागरण, पाव आणि डायक्लोफिनॅक आहेतच.

स्टेथोस्कोप
६ ऑगस्ट, रात्री १०:४८

टोपी काढली. मी पोस्ट दोनदा वाचली होती, गोळी दिसली आणि तिथेच थांबलो. वैद्यबाई म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, पोटॅशियम उद्याच करा. आणि माझ्या पेशंटांना "काही आयुर्वेदिक घेता का" हा प्रश्न मी आजवर जरा तिरक्या तोंडाने विचारत होतो, आता सरळ विचारीन.

उंडो
६ ऑगस्ट, रात्री ११:००

ना दारू, ना सिगरेट, ना मासे. माणूस भजनाने गेला.

आबा_केरी
७ ऑगस्ट, सकाळी ७:४४

आमचे आजोबाही भजन म्हणायचे. ज्येष्ठमध नाही, फेणीच्या गुळण्या.

झांजवाला
९ ऑगस्ट, रात्री ८:३०

पोटॅशियम ३.१ आले. लॅबच्या कागदावर ३.५ पासून पुढे लिहिले आहे. यावेळी डॉक्टरांनी मान वर करून पाहिले, चक्क खुर्चीत बसायला सांगितले. ईसीजी काढला, ठीक आहे. पोटॅशियमचे औषध आठवडाभर, ज्येष्ठमध बंद, डायक्लोफिनॅक बंद, बीपीची गोळी तूर्त नको, घरचे आकडे लिहून आणा म्हणाले. घरी आठवडा पुरा व्हायचा आहे, पण सकाळचे १४८, १५०, १४६ असे येतात. म्हणजे मशीन बिघडले नव्हते. ताई, तुमची पोस्ट बायकोने वाचली, तिनेच हाताला धरून नेले.

दोन_ते_चार
९ ऑगस्ट, रात्री ८:५५

घोरण्याचे उत्तर अजून आले नाही.

झांजवाला
९ ऑगस्ट, रात्री ९:०३

बायको म्हणते घोरतो, पण सुरात. श्वास अडकत नाही असे तिने सांगितले, आठवडाभर लक्ष ठेवते म्हणाली.

खाणवाला
१० ऑगस्ट, सकाळी ६:२०

बरे झाले. उताराऐवजी चढ घ्या. येताना चालायचा रस्ता जाताना घ्या.

भट्टीचा_भाचा
१० ऑगस्ट, सकाळी ९:१२

देऊळ डोंगरावर आहे. तो जाताना चढतोच आहे की! उतार येताना, पहिली पोस्ट वाचा.

खाणवाला
१० ऑगस्ट, सकाळी ९:२०

मग दोनदा जा. देव काय नको म्हणणार आहे?

झांजवाला
१४ सप्टेंबर, रात्री १०:१०

चवथ झाली, भजने झाली, म्हणून धागा वर काढतो. ज्येष्ठमध बंद करून पाच आठवडे. पोटॅशियम ४.२. गोळे बंद. घरची सरासरी १३७/८६. डॉक्टर म्हणाले अजून रेघेच्या किंचित वरच आहे, वडिलांचाही इतिहास आहे, दिवाळीपर्यंत बघू, नाही उतरले तर एक गोळी सुरू करू. मी हो म्हटले, भांडलो नाही.

पाव चाराचे दोन केले, पापड रविवारी, लोणचे बायकोने वरच्या फळीवर ठेवले आहे. वजन ७२. चवथीला तीन दिवस सगळे नियम मोडले, तेव्हाचे आकडे वहीत लिहिलेले नाहीत.

गळ्यासाठी नुसते कोमट पाणी पितो. आवाज होता तसाच आहे. म्हणजे आठ महिने ते कशाला चघळत होतो कोण जाणे.

मशीन सध्या शेजाऱ्याकडे आहे. गंमत म्हणून बघतो म्हणून चवथीत घेऊन गेला. काल मागायला गेलो तर म्हणाला, आणखी दोन दिवस ठेवतो. किती आले विचारले, तर पावसाचे बोलू लागला.